तुमचे प्रश्न : वीस किलोमीटर, तेहतीस मिनिटं आणि घड्याळ काही हलेना

मागच्या वेळी या कॉलममध्ये सायकलच्या टाइम ट्रायलचा, म्हणजे टीटीचा, नुसता उल्लेख केला आणि या महिन्याचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यावरच आले, म्हणून म्हटलं चला, पूर्ण कॉलम टीटीलाच देऊ. नवीन वाचकांसाठी दोन शब्द. टाइम ट्रायल म्हणजे एकेकट्याने पळवायची रेस, साधारण एकेक मिनिटाच्या अंतराने एकेक जण सुटतो, कोणाच्या मागे लपून जायचं नाही, ठरलेलं अंतर ज्याने कमी वेळात कापलं तो जिंकला. दुसऱ्याचं चाक नाही, नशिबाचा स्प्रिंट नाही, म्हणून तर मला हा प्रकार इतका आवडतो.

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांचा, नोकरी सांभाळून दोन वर्षं टीटी करतोय. २० किमी सपाट कोर्सला माझा टाइम ३३ मिनिटं २० सेकंद आहे आणि गेल्या पाच रेस तो तिथेच अडकलाय, पाच-दहा सेकंद इकडे तिकडे. साधी रोड बाइक आहे, ड्रॉप्स (हँडलचा खालचा वाकलेला भाग) धरून चालवतो, पायांचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरवर ॲव्हरेज २३५ वॅट दिसतो. आता डीप व्हील (हवा कापणारी उंच रिमची चाकं) घेऊ, टीटी बाइक घेऊ की ट्रेनिंग वाढवू?

तिन्ही सध्या राहू द्या. ३३:२० म्हणजे बरोब्बर ताशी ३६ किमीचा ॲव्हरेज, आणि या स्पीडला सपाट रस्त्यावर तुमच्या ताकदीतले साधारण ८० टक्के वॅट नुसती हवा बाजूला सारण्यात जातात, टायर आणि चेनच्या वाट्याला उरलेले. त्यातही गंमत बघा, ती हवा सायकल फारशी अडवत नाही, सायकलचा वाटा जेमतेम पाव, बाकी तीन हिस्से तुमचं अंग अडवतं, म्हणजे तुमचे खांदे, छाती, डोकं, आणि हलणारे पाय. म्हणून चाकांवर पैसे घालायच्या आधी अंगाकडे बघायचं.

हिशोबच करून दाखवते. हवेला तुम्ही किती अडता ते मोजायचा आकडा म्हणजे सीडीए. ड्रॉप्स धरून बसणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाचा तो ०.३२ च्या आसपास धरू, एरोबार, म्हणजे कोपरं टेकून हात पुढे धरायच्या दांड्या, लावून नीट बसलं की ०.२६ पर्यंत येऊ शकतो. माणूस आणि सायकल मिळून वजन ८५ किलो धरलं तर त्याच २३५ वॅटमध्ये तुमचा स्पीड ३६ वरून ३८.४ च्या घरात जातो, म्हणजे २० किमी ३१:१५ मध्ये. दोन मिनिटं गेली, पाय तेच! आता हीच दोन मिनिटं आहे त्या पोझिशनमध्ये नुसत्या पायांच्या जोरावर काढायची म्हटली तर २७८ वॅट लागतील, म्हणजे ४३ वॅट जास्त. नोकरी सांभाळून ४३ वॅट वाढवायला किती हिवाळे-उन्हाळे जातात ते तुम्हाला दोन वर्षांत कळलंच असेल. हवेचा भाग स्पीडच्या घनाने वाढतो हे यामागचं कारण, स्पीड दहा टक्के वाढवायचा तर हवेसाठी लागणारी ताकद ३३ टक्के वाढते, म्हणून पायांनी स्पीड वाढवणं दिवसेंदिवस महाग होत जातं आणि अंग लहान करणं स्वस्त पडतं.

१९८९ ची टूर द फ्रान्स आठवते का कोणाला? शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसला २४.५ किमीची टीटी होती, एकूण वेळेत लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता, ग्रेग लेमाँड मागे. लेमाँडने एरोबार लावले आणि एरो हेल्मेट घातलं, फिन्यों साधे हँडल धरून, डोक्यावर काही नाही, मागे पोनीटेल उडतेय. लेमाँड त्या दिवशी ५८ सेकंद फास्ट गेला आणि पूर्ण टूर ८ सेकंदांनी जिंकला. ते ५८ सेकंद सगळे एरोबारचे असं मी म्हणणार नाही, लेमाँडचे पाय त्या दिवशी जबरदस्त होते, पण त्यानंतर टीटीला साधं हँडल धरून येणारे भराभर कमी झाले एवढं खरं.

तर तुम्ही करायचं काय, आहे त्या बाइकला क्लिप-ऑन एरोबार लावा. कोपरं पॅडवर अशी टेका की दंड आणि कोपरापुढचा हात यांच्यात साधारण काटकोन होईल, सीट थोडी पुढे सरकवा आणि सरकवल्यावर उंची परत तपासा. हँडल एकदम तळाला नेऊ नका, ही चूक सगळे करतात. खूप खाली गेलं की कंबर आणि मांडीमधला कोन आवळतो, पायडल वर येताना गुडघा छातीकडे येतो, श्वास नीट घेता येत नाही आणि पॉवर गळते. पाच पाच मिलिमीटर खाली जा, प्रत्येक वेळी दोन आठवडे त्यावर सराव करा, आणि ज्या उंचीवर वॅट पडायला लागतील त्याच्या एक पायरी वर थांबा. वीस मिनिटं टिकत नाही ती पोझिशन काही कामाची नाही, कारण तुम्ही दर मिनिटाला उठून बसणार आणि जेवढं वाचवलं तेवढं घालवणार.

मग सायकल ट्रेनरवर (घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) लावा, मोबाइल समोर हँडलच्या उंचीवर ठेवा आणि दहा मिनिटं जोर लावून व्हिडिओ काढा. पहिली दोन मिनिटं बघूच नका, सगळे छान दिसतात. नववं मिनिट बघा. खांदे कानांकडे आलेत का, डोकं पाठीच्या रेषेच्या वर झेंड्यासारखं उभं राहिलंय का, गुडघे बाहेर फाकतायत का. माझं डोकं दमल्यावर वर यायचं, मला वाटायचं मी तशीच बसलेय, व्हिडिओत बघितलं तर हेल्मेट चार बोटं वर. त्यावर उपाय म्हणजे खांदे आत ओढून मान कासवासारखी आखडून घ्यायची, आणि हे रोज थोडं थोडं केलं तरच रेसमध्ये आपोआप होतं.

खरंच फरक पडला की नाही हे बघायला विंड टनेल लागत नाही. वारा नसेल त्या दिवशी हलक्या उताराचा, गाड्या नसलेला रस्ता शोधा, एका ठरलेल्या खुणेपासून पायडल न मारता सुटा आणि खालच्या खुणेला स्पीड किती आला ते लिहा. प्रत्येक पोझिशन तीन-तीनदा, तेच कपडे, तीच टायरची हवा. आकडे स्वतःच सांगतील.

यानंतर पैसे खर्च करायचेच असतील तर माझा क्रम असा: अंगाला चिकटून बसणारा स्किनसूट, मग तुमच्या पाठीला जुळणारं एरो हेल्मेट, मग चांगले फास्ट टायर, मग पुढचं डीप व्हील, आणि सगळ्यात शेवटी डिस्क, म्हणजे भरीव चाक, आणि टीटी फ्रेम. फडफडणारी जर्सी किती खाते याचा अंदाज नसतो लोकांना. आणि हो, पाठीवरचा रेसचा नंबर! चार कोपऱ्यांत चार पिना लावून नंबर फुग्यासारखा उडत असतो, त्यापेक्षा स्किनसूट अंगात घालून, एरोबारवर असता तसं वाकून, दुसऱ्याकडून आठ-दहा पिनांनी सपाट लावून घ्या. उभं राहून लावला तर वाकल्यावर तो हमखास फुगतो.

स्कॉटलंडच्या ग्रॅहम ओब्रीचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. १७ जुलै १९९३ ला त्याने स्वतः बनवलेल्या सायकलवर तासाचा विक्रम, म्हणजे एका तासात सर्वांत जास्त अंतर जाण्याचा, मोडला, ५१.५९६ किमी, तिच्यात वॉशिंग मशीनचे बेअरिंग होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी करामत बेअरिंगची नव्हती, हात दुमडून छातीखाली घेण्याची ती पोझिशन होती. सहाच दिवसांत ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला, पुढच्या वर्षी ओब्रीने परत आणला, आणि मग ती पोझिशनच नियमाने बंद झाली. माणूस नुसता कसा बसतो यावर बंदी घालावी लागली, यावरून समजून घ्या की बसण्यात किती आहे.

प्रश्न : ताई मी १९ वर्षांचा आहे, पहिले ५ किमी मी सगळ्यांपेक्षा फास्ट असतो पण नंतर पाय बंद पडतात आणि शेवटी जेमतेम पोचतो. स्टॅमिना कमी आहे का?

स्टॅमिना कमी नाही रे, तू सुरुवातीलाच सगळं उधळतोस. मी पहिल्या टीटीत हेच केलं होतं, सुटले तेव्हा पॉवर मीटरवर ३०० च्या वरचा आकडा बघून खूश झाले, वाटलं आज काहीतरी वेगळंच चाललंय, आणि आठव्या किलोमीटरला मांड्या अशा पेटल्या की मागून सुटलेल्या दोघी मला टाकून गेल्या, तो आवाज अजून कानात आहे, मागून येणाऱ्या चाकांचा घों घों आवाज.

असं का होतं ते समज. पहिली दोन-तीन मिनिटं शरीर साठवणीतली ताकद वापरतं, हार्ट रेट अजून वर चढलेला नसतो, धाप लागलेली नसते, म्हणून कितीही जोर लावला तरी सोपंच वाटतं. बिल येतं पाचव्या मिनिटाला. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत तुला 'हे फारच हळू चाललंय' असं वाटलं पाहिजे, तसं वाटत नसेल तर तू फास्ट आहेस. पॉवर मीटर असेल तर पहिली तीन मिनिटं टार्गेटच्या, म्हणजे पूर्ण रेससाठी ठरवलेल्या वॅटच्या, पाच टक्के खाली ठेव, मधला भाग टार्गेटवर, शेवटच्या तीन किलोमीटरला उरलंय ते सगळं काढ. मीटर नसेल तर श्वासावर जा, पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून एक छोटं वाक्य निघायला हवं, अर्ध्यात दोन-तीन शब्द, शेवटी एकही नाही.

आता वाऱ्याचं. जाऊन येऊन कोर्स असेल आणि जाताना वारा समोरून असेल तर बरेच जण जाताना ताकद वाचवतात आणि येताना पाठीवरच्या वाऱ्यात उडवतात. बरोबर उलटं कर. १० किमी ३० च्या स्पीडने गेलास तर २० मिनिटं लागली, येताना ४५ ने आलास तर १३ मिनिटं २० सेकंद. जास्त वेळ समोरच्या वाऱ्यात जातो, त्यामुळे तिथे ताशी एक किमीने वाढवलेला स्पीड येताना तेवढ्याच वाढवलेल्या स्पीडपेक्षा दुपटीहून जास्त सेकंद वाचवतो. समोरच्या वाऱ्यात आणि चढावर टार्गेटच्या पाच टक्के वर, पाठीवरच्या वाऱ्यात आणि उतारावर पाच टक्के खाली, एवढाच फरक ठेव. चढ दिसला की उभा राहून स्प्रिंट मारायचा नाही.

टर्नला किती घालवतोस ते पण बघ. यू-टर्नच्या आधी ब्रेक उशिरा आणि एकदाच, गिअर टर्नच्या *आधी* हलका, बाहेर पडताना दहा-बारा पायडल उभ्याने आणि लगेच परत एरोबारवर. रिकाम्या मैदानात दोन खुणा ठेवून वीस वेळा कर, तीन-चार सेकंद फुकटचे सापडतात.

प्रश्न : मी टीटी पोझिशनमध्ये दहा मिनिटांच्या वर बसूच शकत नाही, पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येतात, बधिर होतं. क्लबमध्ये सगळे पुरुष, कोणाला विचारणार? सवय होईल म्हणून सहन करतेय.

सहन करू नकोस गं, आधी हे सांगते. बधिरपणाची सवय करायची नसते, ती नस आणि रक्तपुरवठा दाबला जात असल्याची खूण आहे. एरोबारवर वाकलं की कंबर पुढे फिरते आणि जे वजन मागच्या दोन हाडांवर असतं ते सीटच्या नाकाडावर, मऊ भागावर येतं, सगळ्यांचंच येतं, पुरुषांचं पण, फक्त ते पण बोलत नाहीत.

सीटचं नाकाड अगदी थोडं खाली कर, दोन-तीन डिग्री, त्याहून जास्त नको नाहीतर घसरत राहशील आणि सगळा भार खांद्यांवर येईल. आखूड नाकाडाची किंवा पुढे दुभंगलेली सीट वापरून बघ, टीटीत आणि ट्रायथलॉनमध्ये बऱ्याच जणी त्याच वापरतात, पण शक्य असेल तिथे कोणाची तरी उसनी घेऊन आठवडाभर चालवून मगच विकत घे कारण एकीला स्वर्ग वाटणारी सीट दुसरीला काट्यासारखी टोचते. सायकलिंग शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही, क्रीम लावायचं. सीट एक-दोन मिलिमीटर उंच झाली असेल तरी कंबर डोलते आणि त्रास वाढतो, ते पण तपास. हे सगळं करून पण बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर तासभर राहत असेल, किंवा सूज, जखम असेल तर सायकल बंद आणि डॉक्टर.

प्रश्न : आठवड्याला पाच-सहा तासांच्या वर मिळत नाहीत, पॉवर मीटर नाही. यात काही होईल का?

होईल की. आठवड्यात दोनच दिवस जोराचे ठेवा, त्यांच्यामध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या. एक दिवस चार-चार मिनिटांचे पाच इंटर्व्हल, मध्ये चार मिनिटं हळू, जोर असा की चौथ्या मिनिटाला 'आता पुरे' वाटलं पाहिजे पण पाचवा इंटर्व्हल पहिल्याइतकाच फास्ट झाला पाहिजे. पाचवा ढेपाळला तर पहिला जास्त जोरात गेला असं समजा. दुसऱ्या दिवशी वीस-वीस मिनिटांचे दोन, मध्ये दहा मिनिटं आराम, रेसपेक्षा किंचित कमी जोर, आणि हे दोन्ही *एरोबारवरच*. हे मी ओरडून सांगेन. लोक सगळं ट्रेनिंग आरामात बसून करतात आणि फक्त रेसच्या दिवशी वाकतात, मग म्हणतात एरोबारवर पॉवर येत नाही. त्या कोनात पायांना काम करायची सवयच लावलेली नसते, कशी येणार? सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तास गप्पा मारता येतील अशा स्पीडने. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्म्यावर. रेसच्या दिवशी वीस ते तीस मिनिटं वॉर्म-अप, त्यात मिनिट-मिनिटाचे तीन जोरदार झटके, आणि सुटायच्या पाच-दहा मिनिटं आधी संपवा. टीटी जितकी छोटी तितका वॉर्म-अप महत्त्वाचा.

प्रश्न : टायरमध्ये १२० पीएसआय हवा भरतो, दगडासारखा टायर म्हणजे फास्ट ना?

नाही. गुळगुळीत लाकडी ट्रॅक सोडला तर कडक टायर प्रत्येक बारीक खड्ड्यावर तुम्हाला आणि सायकलला वर फेकतो आणि ती ताकद वाया जाते. २५ मिलिमीटर रुंद टायर आणि ७० किलोचा माणूस असेल तर ८०-९० मध्ये सुरुवात करा, २८ चा असेल तर ७०-७५, आणि पाच-पाचने बदलून बघा. रिमवर लिहिलेली मर्यादा कधीच ओलांडू नका. साध्या ट्यूबऐवजी लॅटेक्स ट्यूब घातली तर दोन टायर मिळून काही वॅट वाचतात, फक्त रोज हवा भरावी लागते.

प्रश्न : सपाट टीटीसाठी वजन कमी करू का?

त्यासाठी नको. सपाटावर दोन किलोचा फरक जेमतेम दोन-चार सेकंदांचा. उपाशी राहून वॅट घालवाल.

प्रश्न : वय ५८. तरुणपणी सायकल खूप चालवली, आता टीटी करावीशी वाटते. उशीर झाला का?

काका, अजिबात नाही, उलट टीटी या वयाला सोयीची. घोळक्यात पडायची भीती नाही, स्प्रिंटची गरज नाही. वयाबरोबर वरची कमाल ताकद कमी होते हे खरंय, पण त्या कमालीच्या किती टक्क्यांवर तुम्ही अर्धा तास टिकता ते सरावाने बरंच राखता येतं, आणि टीटी त्यावरच चालते. शिवाय अंग लहान करायला वय आड येत नाही, मान आणि कंबर सोडवायला मात्र रोज दहा मिनिटं द्यावी लागतील. ब्रिटनची बेरिल बर्टन १९५९ ते १९८३ सलग २५ वर्षं तिथल्या टीटीच्या वर्षभराच्या एकत्रित स्पर्धेत बायकांमध्ये पहिली आली, शेवटच्या वर्षी ती ४६ ची होती. १९६७ मध्ये तर बारा तासांच्या टीटीत २७७.२५ मैल गेली, म्हणजे ४४६ किमी, आणि त्या दिवशी पुरुषांच्या विक्रमाच्याही पुढे गेली.

दोन गोष्टी पाळा. जोराचे इंटर्व्हल सुरू करायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्या, हे टाळू नका. आणि दोन जोराच्या दिवसांमध्ये तीन दिवस ठेवा, तुमचं शरीर तेवढंच काम करतं फक्त भरून यायला जास्त वेळ घेतं.

प्रश्न : मी स्वतः सायकल चालवत नाही. माझा नवरा टीटी करतो आणि हल्ली मान इतकी खाली घालतो की मला भीती वाटते. त्याला सांगितलं तर म्हणतो वर बघितलं की सेकंद जातात. मी उगीच घाबरतेय का?

तुम्ही अजिबात उगीच घाबरत नाही. आमच्याबरोबर सायकल चालवणारा एक जण असाच मान खाली घालून जाताना रस्त्याकडेला थांबलेल्या गाडीवर मागून आदळला, गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा महिने गेले, आणि तो स्वतः म्हणतो की माझं नशीब चांगलं. ४० च्या स्पीडला सायकल एका सेकंदात ११ मीटर जाते. तीन सेकंद खाली बघितलं तर ३३ मीटर रस्ता न बघता गेला.

त्याला हे सांगा की वर बघितल्याने सेकंद जात असतील तर पोझिशन चुकली आहे. नीट बसवलेल्या पोझिशनमध्ये मान न उचलता नुसते डोळे वर करून रस्ता दिसायला हवा. बहुतेक वेळा दोनच कारणं असतात, एक म्हणजे चष्म्याची वरची कड नेमकी नजरेच्या आड येते, तिथे वरून फ्रेम नसलेला चष्मा लागतो, आणि दुसरं म्हणजे पॅड फार खाली असतात. पॅडखाली एक सेंटिमीटर जाडीचा स्पेसर (पॅड उंच करायची चकती) टाकला की मानेवरचा ताण कमी होतो, आणि बऱ्याच जणांचा सीडीए त्याने वाढत पण नाही कारण मग डोकं खांद्यांमध्ये नीट बसतं.

आज संध्याकाळीच करा. सायकल ट्रेनरवर लावून त्याला हेल्मेट-चष्म्यासकट एरोबारवर बसवा, दहा मिनिटं जोरात चालवू दे म्हणजे मान दमेल, मग तुम्ही समोर जमेल तेवढ्या लांब उभ्या राहा आणि हात वर करून बोटं दाखवा. मान न हलवता किती बोटं ते त्याला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर एक स्पेसर टाका आणि परत दाखवा.